स्ट्रक्चरल स्टीलचं काम सांभाळताना टन मोजायचे की बे मोजायचे?

चाकण_गर्डर

स्ट्रक्चरल स्टीलमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी हा धागा. नेमकं बोलता यावं म्हणून एक नमुना समोर ठेवतो. औद्योगिक शेड, ३० मीटर स्पॅन (कॉलमच्या दोन रांगांमधलं अंतर), ७.५ मीटरचे १२ बे (बे म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममधला गाळा), कॉलमची उंची १२ मीटर, आत २० टनी ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन), एकूण स्टील साधारण २५० टन. म्हणजे १३ फ्रेम आणि २६ कॉलम. गेबलचे, म्हणजे टोकाच्या भिंतींचे, विंड कॉलम वेगळे.

अशा कामाचा मासिक अहवाल जवळजवळ नेहमी टनांत असतो. ‘फॅब्रिकेशन १५० टन, ६० टक्के पूर्ण.’ आणि साइटवर विचारलं तर एकही बे उभा करता येत नसतो. आकडा खरा असतो, पण त्याने प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. शॉपला टनावर बिल मिळतं, त्यामुळे जड आणि सोपे नग आधी निघतात: कॉलम, गँट्री गर्डर (ज्यावर क्रेन धावते ते), राफ्टर (छताचा मुख्य बीम). ब्रेसिंग (तिरपे आधार), टाय, फ्लँज ब्रेस, सॅग रॉड, क्लीट (जोडाचे छोटे तुकडे) ही बारीक कामं मागे पडतात. वजनात ती नगण्य, पण त्यांच्याशिवाय फ्रेम स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. दोन कॉलम आणि एक राफ्टर म्हणजे पत्त्यांचा बंगला. दोन फ्रेम, त्यांच्यामधलं उभं आणि छतातलं ब्रेसिंग, इव्हज स्ट्रट (कॉलमच्या माथ्यांना जोडणारा आडवा नग) आणि पर्लिन (छताचे पत्रे धरणारे आडवे नग) एवढं एकत्र आलं की तिथे स्टील खऱ्या अर्थाने उभं झालं.

म्हणून ट्रॅकर मार्क नंबरवार (मार्क म्हणजे प्रत्येक नगाचा ओळख क्रमांक) ठेवा. प्रत्येक मार्कसमोर बे क्रमांक, आणि पुढे रकाने: ड्रॉइंग मंजूर, माल उपलब्ध, कटिंग, फिट-अप (तुकडे वेल्डआधी जुळवणं), वेल्डिंग, एनडीटी (न तोडता केलेली वेल्डची तपासणी), ब्लास्टिंग, पेंट, रवाना, साइटवर पोहोचला, उभारला, अलाइन झाला, बोल्ट कसले. एखाद्या बेची प्रगती म्हणजे त्या बेमधल्या सगळ्यात मागे असलेल्या मार्कची प्रगती. सरासरी काढू नका. आठवड्याच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘किती टन झाले’ असा नको, ‘किती बे पूर्ण रवाना झाले’ असा हवा.

ज्यांनी ज्या टप्प्यावर काम केलंय त्यांनी त्या टप्प्याची भर घालावी.

तळेगाव_क्यूएस

मुद्दा पटला, पण याचं मूळ बिलिंग ब्रेक-अपमध्ये आहे आणि ते कामाच्या पहिल्या आठवड्यातच ठरतं. माल शॉपमध्ये आला की मोठा हिस्सा, फॅब्रिकेशन झालं की आणखी, रवाना झालं की उरलेलं, आणि इरेक्शन-अलाइनमेंटला (उभारणी आणि ओळंब्यात आणणं) शेवटचे पाच-दहा टक्के, अशी वाटणी असेल तर बारीक नग वेळेत करण्यात फॅब्रिकेटरचा काहीच फायदा नसतो. दोन गोष्टी करारात घालून घ्या. एक, रवानगीचा हिस्सा बे-सेट पूर्ण गेल्यावरच देय. दोन, अलाइनमेंट आणि बोल्ट कसून झाल्यावरचा हिस्सा एवढा ठेवा की त्यासाठी कुणीतरी धावपळ करेल.

वजन कसं मोजायचं तेही आधीच लिहून घ्या. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे एक चौरस मीटर प्लेटचं दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. हिशोब सोपा आहे. भांडण होतं ते पुढच्या गोष्टींवर: गसेटचं (जोडावरच्या प्लेटचं) वजन कापलेल्या आकाराचं की त्याला व्यापणाऱ्या आयताचं? वेल्डचं वजन धरायचं का? बोल्ट टनाच्या दरात की वेगळे? देयक ड्रॉइंगच्या वजनावर की वजनकाट्याच्या पावतीवर? रोलिंग टॉलरन्समुळे काट्याचं वजन आणि तक्त्याचं वजन जुळत नाही, आणि मालकाने माल पुरवलेला असेल तर हाच फरक शेवटी रिकन्सिलिएशनमध्ये (मालाचा हिशोब जुळवताना) वसुली होऊन बसतो. दर महिन्याला आलेला माल, वापरलेला माल, शिल्लक लांबीचे तुकडे आणि भंगार यांचा ताळेबंद जुळवा. वर्षाअखेरीस तो कधीच जुळत नाही.

वाडी_नागपूर_शॉप

शॉपच्या बाजूने बोलतो. पूर्ण काम बेवार करा म्हणणं कागदावर ठीक आहे. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) प्लेट कापताना एका जाडीचे सगळे तुकडे एकत्र बसवले तरच प्लेट वाचते. १२ मिमीच्या २.५ बाय १२ मीटर प्लेटचं वजन सुमारे २.८ टन असतं. फक्त एका बेचे तुकडे काढून उरलेली प्लेट बाजूला ठेवली, तर भंगार वाढतं आणि हीट नंबरचा (मिलमधल्या ओतकामाच्या क्रमांकाचा) माग ठेवणंही अवघड होतं.

चाकण_गर्डर

बरोबर आहे दादा, कटिंग बेवार करू नये. तीन-चार बेचा एक लॉट धरून कटिंग एकत्र करा, पण फिट-अपपासून पुढे क्रम इरेक्शनचाच ठेवा. बारीक नगांसाठी वेगळी टेबलं आणि वेगळी छोटी टोळी ठेवली तर मोठ्या नगांच्या फिटरांना थांबावं लागत नाही. अडचण होते ती क्लीट कापलेल्या असतात पण कुठल्या पेटीत आहेत ते कुणाला ठाऊक नसतं तेव्हा. कापल्याबरोबर मार्क पंच करा आणि बेच्या नावाच्या पेटीत टाका. खडूने लिहिलेला मार्क ब्लास्टिंगमध्ये पुसला जातो.

ओळंबा

मी पायापासून सुरुवात करतो, कारण इरेक्शनचे निम्मे तंटे फाउंडेशन बोल्टमधून निघतात. वरच्या नमुन्यात कॉलमला ४ बोल्ट धरले तर १०४ बोल्ट झाले, आणि ते बसवतो सिव्हिल ठेकेदार, ज्याला स्टीलच्या भोकांशी देणंघेणं नसतं.

टेम्प्लेट (काँक्रीट होताना बोल्ट जागेवर धरणारी भोकांची प्लेट) स्टील फॅब्रिकेटरनेच द्यावी, ज्या ड्रिलिंग प्रोग्रामने बेस प्लेट होणार त्यानेच ती पाडलेली असावी. पट्टीने आखून गॅसने पाडलेली टेम्प्लेट चालत नाही. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरचा धक्का लागून बोल्ट सरकतात, म्हणून बोल्टच्या खालच्या टोकाशीही एक अँगलची चौकट वेल्ड करून घ्या. एकट्या वरच्या टेम्प्लेटवर खालचं टोक तिरपं होतं.

बोल्ट किती वर ठेवायचा हे नेहमी बेरजेने काढा. एम ३६ (३६ मिमी व्यासाच्या बोल्ट) साठी उदाहरण: ग्राउट (बेस प्लेटखाली भरायचं मिश्रण) ५० मिमी, बेस प्लेट ३२, प्लेट वॉशर १२, दोन नट मिळून साधारण ६०, वर तीन आटे म्हणजे १२. एकूण १६६, म्हणून १७५ ठेवा. ग्राउटची जाडी विसरल्यामुळे बोल्ट आखूड पडणं ही सर्रास होणारी चूक आहे.

काँक्रीट झाल्यावर टोटल स्टेशनने प्रत्येक बोल्टचा सर्व्हे, आणि तोही कॉलम शॉपमधून निघण्याआधी. बोल्ट गटाची जागा, आपसातलं अंतर, वरची पातळी आणि ओळंबा, चारही नोंदी सही करून घ्या. दोष शॉपमध्ये कळला तर बेस प्लेटमध्ये दुरुस्ती होते, ट्रेलर साइटवर आल्यावर कळला तर क्रेनचं भाडं चालू असताना वाद चालतो. आट्यांना ग्रीस लावून पीव्हीसीच्या टोप्या घाला, नाहीतर सिव्हिलची माणसं त्यावर शटरिंग टेकवतात.

नवा_प्लॅनर

ओळंबा सर, बोल्ट १० मिमी सरकला असेल तर बेस प्लेटचं भोक गॅसने मोठं केलं तर चालतं का? आणि बोल्ट तापवून वाकवतात ते?

ओळंबा

भोक मोठं करता येतं, पण डिझायनरच्या लेखी मंजुरीने, ड्रिल किंवा मॅग-ड्रिलने, आणि वर जाड प्लेट वॉशर बसवून तो बेस प्लेटला वेल्ड करून. वॉशरचं भोक बोल्टच्या मापाचं हवं. बेस प्लेटला मुळातच जास्त क्लिअरन्स देतात. कॉलम-राफ्टरच्या जोडांना मात्र आयएस ८०० प्रमाणे १६ ते २४ मिमीच्या बोल्टला २ मिमीच क्लिअरन्स असतो, म्हणजे एम २० ला २२ आणि एम २४ ला २६. तिथे गॅस अजिबात नको.

बोल्ट तापवून वाकवणं हाय स्ट्रेंग्थ बोल्टला तर साफ बंद. उष्णतेने त्याची ताकद जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. आखूड बोल्टवर नट वेल्ड करून ‘बसवला’ म्हणणंही तसंच. एनसीआर (दोषाची लेखी नोंद) काढा, डिझायनरला विचारा, उत्तर फाइलला लावा.

मीनल_क्यूए

शॉपमधल्या गुणवत्तेबद्दल थोडं. प्रोजेक्ट मॅनेजरने वेल्डिंग इन्स्पेक्टर होण्याची गरज नाही, पण या गोष्टी कळायलाच हव्यात.

आयएस २०६२ मध्ये ई २५० आणि ई ३५० हे पोलादाचे वेगळ्या ताकदीचे ग्रेड दिसायला सारखेच. प्लेट कापली की उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर पंचने उतरवलाच पाहिजे. तो नसला की मिल टेस्ट सर्टिफिकेट फाइलमध्ये असूनही त्या तुकड्याचा माग तुटतो, आणि मग नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवणं एवढाच मार्ग राहतो.

फिलेट वेल्डचं (कोपऱ्यातल्या त्रिकोणी वेल्डचं) माप. ड्रॉइंगवर ६ मिमी लिहिलंय आणि वेल्डर ‘मजबूत असू दे’ म्हणून ८ मिमी घालतो. वेल्डचं क्षेत्रफळ मापाच्या वर्गाने वाढतं: ६ मिमीला मीटरमागे ०.१४ किलो धातू लागतो, ८ मिमीला ०.२५ किलो. म्हणजे जवळपास पाऊणपट जास्त रॉड, जास्त वेळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जास्त उष्णता. त्याने बिल्ट-अप सेक्शनचा (प्लेट वेल्ड करून केलेल्या नगाचा) फ्लँज, म्हणजे वरची-खालची पट्टी, छत्रीसारखा मुडपतो आणि मग सरळ करण्यात दोन दिवस जातात. गेज हातात घेऊन बघा, जास्त वेल्ड हाही दोषच लिहा.

लो हायड्रोजन रॉड, म्हणजे ७०१८, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांना बेक करून, नंतर पोर्टेबल ओव्हनमध्ये गरम ठेवूनच वापरायचे. शॉपमध्ये हे पाळलं जातं. साइटवर ओव्हन असतो पण त्याचा प्लग काढलेला असतो. साइटच्या भेटीत ओव्हनला हात लावून बघणं हीच सगळ्यात स्वस्त तपासणी.

बट वेल्डचे (टोकाला टोक लावून केलेले) जोड कुठे येतील याचा आराखडा कटिंगआधी मंजूर करा. फ्लँज आणि वेबचे (मधल्या उभ्या प्लेटचे) जोड एका रेषेत नकोत. जाड प्लेटच्या बट वेल्डचं यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणी) वेल्ड थंड झाल्याबरोबर करू नये, हायड्रोजनमुळे येणारी भेग उशिरा उघडते. ४८ तास थांबण्याची अट असेल तर ते तास वेळापत्रकात धरा. तपासणीचं बोलावणं शेवटच्या दिवशी नको. फिट-अपला होल्ड पॉइंट (तपासणी झाल्याशिवाय पुढे न जाण्याचा टप्पा) असेल तर तिथेच थांबायचं, कारण वेल्ड झाल्यावर रूट गॅप कुणालाच दिसत नाही.

कोकण_कोटिंग

पेंटचा अंदाज टनावर लावला तर चुकतो. एक टन प्लेटचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ सुमारे २५५ भागिले जाडी इतकं चौरस मीटर असतं. ६ मिमीला ४२, १० मिमीला २५, २० मिमीला १३. म्हणजे पर्लिन-ब्रेसिंगचा टन आणि बेस प्लेटचा टन यांना पेंट तिप्पट फरकाने लागतो. नमुन्यातल्या २५० टनांना सरासरी २५ धरले तर ६,२५० चौरस मीटर. ६० टक्के व्हॉल्यूम सॉलिड्सचा (सुकल्यावर उरणारा भाग) पेंट ७५ मायक्रॉन सुका हवा असेल तर लिटरला ८ चौरस मीटर, म्हणजे ७८१ लिटर. ३० टक्के नुकसान धरलं की सुमारे १,११५ लिटर, तेही एका कोटाला.

ब्लास्टिंग एसए २½ (पृष्ठभागाच्या सफाईची प्रत) झाल्यावर प्रायमर त्याच दिवशी, गंज चढायच्या आत. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. जून ते सप्टेंबर कोकणात उघड्यावर ही अट पाळता येणारे तास फार थोडे असतात. इपॉक्सीचे पुढचे कोट त्या महिन्यांत उघड्या यार्डात ठेवणारं वेळापत्रक मंजूर करू नका, झाकलेली जागा आणि डीह्युमिडिफायर यांचा खर्च आधीच धरा. फ्रिक्शन जोडाच्या (घर्षणावर भार पेलणाऱ्या) पृष्ठभागांना टेप लावून पेंटपासून वाचवा. आणि मार्क नंबर पेंटनंतरही वाचता आला पाहिजे, त्यासाठी पंच केलेली पट्टी तारेने बांधा.

उरण_रिगर

इरेक्शन. ३० मीटरचा राफ्टर तुकड्यांत येतो, कारण ट्रेलरवर १२ मीटरच्या आतला नग सोयीचा. जमिनीवर जोडून एकदम उचलायचा असेल तर वजन साधारण ३ टन धरा, हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल मिळून ०.६ टन. एकूण ३.६. क्रेनच्या तक्त्यातल्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांतच उचलायचं, म्हणजे त्या त्रिज्येला ४.८ टनांची क्षमता हवी. ‘५० टनांची क्रेन आहे’ याला अर्थ नाही, ते ५० टन बूम जवळजवळ उभा असतानाचे. मधोमध खड्डे किंवा मशिनचे पाये असले की क्रेन लांब उभी राहते आणि त्रिज्या वाढते. म्हणून क्रेन कुठे उभी राहणार त्या जागांचा नकाशा सिव्हिलच्या वेळापत्रकासोबतच करा आणि आउटरिगरखाली प्लेट किंवा स्लीपर किती लागतील तेही लिहा.

स्लिंगचा कोन आडव्या रेषेशी ६० अंश असेल तर दोन पायांच्या स्लिंगच्या प्रत्येक पायावर भाराच्या ०.५८ पट ताण, ४५ ला ०.७१, ३० ला पूर्ण एक पट. ६० च्या खाली जाऊ नका, स्प्रेडर बीम वापरा. लांब राफ्टर उचलताना आडवा वळतो, टॅग लाइन (खालून धरायचा दोर) दोन्ही टोकांना हवी.

पहिली फ्रेम गाय रोप (तात्पुरते ताणाचे दोर) आणि टर्नबकलने दोन्ही बाजूंनी बांधूनच हुक सोडायचा. दुसरी फ्रेम, ब्रेसिंग आणि पर्लिन लागेपर्यंत गाय रोप काढायचे नाहीत. संध्याकाळी काम थांबवताना एकही फ्रेम सुटी राहता कामा नये. आयएस ८७५ भाग ३ मध्ये पुण्याचा मूलभूत वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, मुंबई आणि नागपूरचा ४४, आणि एप्रिल-मेमधलं वळवाचं वादळ पूर्वसूचना देत नाही.

नग जुळत नसेल तर चेन पुलीने ओढून बसवण्याआधी थांबून माप घ्या. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलावर १९७० मध्ये उंचीतला फरक जमवायला काँक्रीटचे ठोकळे ठेवले, पत्र्याला फुगा आला, तो काढायला जोडाचे बोल्ट सोडले आणि गाळा कोसळला. ३५ माणसं गेली.

ह्यूस्टन_मराठी

इथल्या ओशाच्या (अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांतलं तिकडे उपयोगी पडेल ते सांगतो. प्रत्येक कॉलमला किमान ४ अँकर रॉड. काँक्रीटची ताकद ठरलेल्या ताकदीच्या ७५ टक्के झाल्याचं लेखी मिळाल्याशिवाय इरेक्शन सुरू नाही. आणि भरीव बीम बसवताना प्रत्येक जोडात किमान दोन बोल्ट पान्याने घट्ट केल्याशिवाय हुक सोडायचा नाही.

हाय स्ट्रेंग्थ बोल्टसाठी: आधी स्नग टाइट, म्हणजे एका माणसाने साध्या पान्याने पूर्ण जोर लावून प्लेट एकमेकींना भिडवणं. मग नट आणि प्लेटवर रेघ मारून, बोल्टची लांबी व्यासाच्या ४ पटींपर्यंत असेल तर एक तृतीयांश फेरा, ४ ते ८ पटीत अर्धा फेरा. रेघ दिसली की इन्स्पेक्टरला लांबूनही कळतं. कसण्याचा क्रम जोडाच्या मधून बाहेर.

शॉप ड्रॉइंगच्या मंजुरीकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे टांगते मार्ग पडले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत एकच अखंड सळई दोन्ही मजल्यांचे मार्ग धरणार होती. बनवायला सोपं म्हणून तिच्या दोन सळया झाल्या, आणि वरच्या मार्गाच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता. ‘फॅब्रिकेशनच्या सोयीसाठी’ केलेला प्रत्येक बदल ड्रॉइंगवर ढगासारख्या रेघेने वेढून, स्वतंत्र आरएफआय (डिझायनरला लेखी प्रश्न) क्रमांक देऊन, भार कुठून कुठे जातो हे लिहून पाठवा. नुसतं रिव्हिजन वाढवून पाठवू नका.

तळेगाव_क्यूएस

आरएफआयच्या नोंदवहीत पाठवल्याची तारीख, उत्तर हवं ती तारीख, उत्तर आलेली तारीख, आणि त्यामुळे कुठले मार्क अडले, हे चार रकाने ठेवा. मुदतवाढ मागताना चौथाच रकाना लागतो आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो.

नवा_प्लॅनर

सगळ्यांचे आभार. वरच्या नमुन्यात पहिल्या रवानगीत नेमकं काय असावं?

चाकण_गर्डर

सुरुवात ब्रेसिंगच्या बेपासून. समजा ते ग्रिड (फ्रेमच्या रेषा) ६ आणि ७ च्या मध्ये आहे. मग पहिल्या खेपेत ग्रिड ६-७ चे ४ कॉलम, त्यांच्या शिमचे (पातळी जमवायच्या पातळ पट्ट्यांचे) वेगवेगळ्या जाडीचे तुकडे, कॉलमला आधीच लावलेल्या शिड्या आणि लाइफलाइनचे खांब. त्याच खेपेत दोन्ही बाजूंचं उभं ब्रेसिंग, इव्हज स्ट्रट आणि गँट्रीच्या पातळीचे टाय. दुसऱ्या खेपेत दोन राफ्टर, छताचं ब्रेसिंग, त्या बेचे पर्लिन आणि सॅग रॉड.

बोल्ट जोडवार पिशव्यांत, पिशवीवर जोडाचा मार्क, व्यास, लांबी, ग्रेड आणि लॉट नंबर. ८.८ च्या बोल्टला ८ वर्गाचा नट, १०.९ ला १० चा, मिसळू देऊ नका. मोजणीपेक्षा ३ ते ५ टक्के जास्त पाठवा, उंचावरून पडलेला बोल्ट कुणी परत आणत नाही.

ट्रेलरवर भरताना आधी लागणारा नग सगळ्यात वर. चलनावर मार्क नंबर आणि बे क्रमांक दोन्ही. साइटच्या स्टोअरकीपरने माल उतरवतानाच त्यावर खूण करावी, दुसऱ्या दिवशी नको. आणि ही दोन खेपांची यादी पूर्ण टिक झाल्याशिवाय क्रेन बोलावू नका.

ओळंबा

त्यात एक भर. पहिला बे उभा झाला की तिथेच थांबून ओळंबा आणि लेव्हल पक्की करा. उंचीच्या हजाराव्या भागाची मर्यादा धरली तर १२ मीटरच्या कॉलमला १२ मिमी. माप सकाळी लवकर घ्या, दुपारच्या उन्हात एका बाजूने तापलेला कॉलम वाकलेला दिसतो. बोल्ट पूर्ण कसा, मग बेसखाली ग्राउट. पुढचे बे याच बेला टेकून येतात, इथला तिरपेपणा बाराव्या बेपर्यंत वाढत जातो आणि गँट्री रेल जुळवताना बाहेर पडतो.